बक्षिसाची गोळी

माझ्या वर्गात शांतता असते, याचा मला फार अभिमान होता. रहिमतपूरच्या अलीकडं आमची जिल्हा परिषदेची शाळा. शेजारच्या वर्गात बाजार भरलेला असायचा आणि माझी तिसरी चिडीचूप. तपासणीला आलेले साहेबसुद्धा माझ्या वर्गात जरा जास्त वेळ टेकायचे. हे कसं जमतं असं कुणी विचारलं की मी हसून म्हणायचे, "सवय लावावी लागते." सवय कसली डोंबलाची! माझ्या कपाटात गोळ्यांची बरणी होती.

पाढा बिनचूक म्हटला की लिमलेटची एक गोळी. कविता पाठ झाली, एक गोळी. शुद्धलेखनात चूक नाही, आणखी एक. त्यातही माझं डोकं बघा! गोळी चावायची नाही, गालात धरून चघळायची, आणि ज्याची सगळ्यांत शेवटी संपेल त्याला अजून एक. घरी न्यायची नाही, वर्गातच संपवायची. पोरं गाल फुगवून मुकाट बसायची आणि मी निवांत वह्या तपासायचे.

या खेळात एक मुलगी कायम पहिली यायची. तिची आई घरी शिवणकाम करायची, वडील कुपवाडला कारखान्यात होते, ते पंधरा दिवसांनी घरी यायचे. पोरगी इतकी हुशार की एकोणिसाचा पाढा उलटा म्हणायची. रोजच्या तीन-चार गोळ्या तिच्या ठरलेल्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची आई वर्गाच्या दारात आली.

"बाई, हिची दाढ लय दुखतीया. घास चावत न्हाई. काय करू?"

उपदेश करायची संधी मी सोडत नाही. "आधी त्या दुकानातल्या कुरकुऱ्यांच्या पुड्या बंद करा. तुम्ही मशीनवर बसता आणि पोरांच्या हातात पुडी देऊन मोकळ्या होता."

"आवं, मी देतच न्हाई वं."

"मग लपून खात असेल. दप्तर बघत जा तिचं. पोरं दिसतात तेवढी साधी नसतात."

ती मान हलवून गेली. त्या वेळी पोरगी वर्गात बसून, दुखरी बाजू सोडून दुसऱ्या गालात माझीच गोळी चघळत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. मनात एकदा शंकेची पाल चुकचुकली होती. पण बरणी बंद केली असती तर चाळीस पोरं सांभाळायची कशी? मी ती शंका झटकून टाकली आणि पुढची वही ओढली.

महिनाभरानं शाळेत दातांची तपासणी झाली. डॉक्टर तरुण होत्या, हातात बॅटरी आणि छोटा आरसा. ज्यांचे दात किडलेत त्यांना त्या एका बाजूला बसवत होत्या. बघता बघता तिथं माझा पहिला बाक आला, दुसरा आला, सगळे माझे हुशार विद्यार्थी एका रांगेत गोळा झाले. ज्यांना मी ढ म्हणून मागं बसवलं होतं, त्यांचे दात बहुतेक धड होते.

डॉक्टरांना नवल वाटलं. "बाई, ही मुलं काही वेगळं खातात का?"

"घरचे लाड, दुसरं काय," मी म्हणाले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मग त्यांनी त्या मुलीचं तोंड उघडून मला दाखवलं. मागची दाढ पार पोखरली होती. "ही दुधाची नाही. गेली की परत येत नाही. आणि आता ही काढावीच लागेल." त्या अगदी साधेपणानं सांगत होत्या. "गोड किती खाल्लं, यापेक्षा ते तोंडात किती वेळ राहिलं हे महत्त्वाचं. पुडीतला चिकट चुरा दाताला चिकटून राहतो. गोळी चघळत बसणं तर त्याहून वाईट. त्यापेक्षा एकदा खाऊन चूळ भरून टाकलेली बरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथं, त्या डॉक्टरांसमोर, मी तोंड उघडायला हवं होतं. मी हजेरीपट चाळत बसले.

साताऱ्याला नेऊन तिची दाढ काढली. दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. आई शिवत होती. तिनं लगबगीनं खुर्ची पुसली, "बसा बाई" म्हणाली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, बरणीचं, चघळायच्या शर्यतीचं. तुमची काही चूक नव्हती, पोरीचीही नव्हती, असंही म्हणाले.

आईनं मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"पोरगी हेच सांगत हुती वं," ती म्हणाली. "बाईच गोळ्या देत्यात, म्हणली. मी म्हटलं, आपली चोरी बाईंवर घालतीस व्हय? बाई कशाला खोटं बोलतील? लय मारलं मी तिला."

पोरगी आतल्या दारात उभी होती. गाल अजून सुजलेला. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. आईला विचारलं, "आता तरी खरं वाटलं का गं?"