उगवतीला तोंड

आज सकाळी गल्लीत कुणीतरी ट्रक सुरू केला. डिझेलचा तो कडवट वास खिडकीतून आला आणि माझं डोकं बहात्तर सालच्या थंडीत फिरायचं तसं पुन्हा फिरलं.

मिरजगावात आमच्या पूर्वेला दगडू ड्रायव्हरचं घर. दोन्ही दारांच्या मधल्या जागेत तो ट्रक लावायचा, तोही पूर्वेकडं तोंड करूनच. म्हणजे शेपूट माझ्या दारात! गारठलेलं इंजिन अर्धा तास खोकायचं आणि पांढरा धूर थेट माझ्या चुलीपाशी यायचा. दुधालाही डिझेलचा वास.

"भाऊजी, फिरवा की हो ते धूड!"

"उगवतीला तोंड असल्याबिगर आमी गाडी काढत न्हाई, वैनी," बॉनेटला उदबत्ती ओवाळत तो शांतपणे म्हणायचा.

शेवटी एकदा मी झाडू घेऊन ट्रकमागं उभीच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं ट्रक फिरवून लावला. मी जिंकले.

आता धूर त्याच्याच घरात जाऊ लागला. आत त्याची बायको ओली बाळंतीण. रोज ती तान्ह्या लेकराचं तोंड पदरानं झाकून दार लावून घ्यायची. मला चकार शब्द बोलली नाही.

अगं बाई, एकदा तरी माझ्या दारात येऊन भांडायचंस ना!