फळीवरचा मॉनिटर

टायपिस्टकाकांच्या बोटांना वेग होता आणि तोंडाला आळस. लोकांचे अर्ज, करारनामे, प्रबंध असं सगळं ते घरबसल्या टाइप करून द्यायचे. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द बडवून झाले की स्वतःचे दोन शब्द बोलायचे म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. घरात बोलायचं खातं काकूंकडे होतं, आणि काकू दोघांच्याही वाट्याचं बोलायच्या.

मग पन्नाशी उलटली आणि काकूंचे कान गेले. एकदम नाही. आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. कानाचं यंत्र आणलं, तर काकू म्हणाल्या, "शब्द कुठले, नुसतं कुईं कुईं करतंय," आणि त्यांनी ते डबीत ठेवलं ते ठेवलंच. काकांना काय, आयतीच सबब मिळाली. बोलून उपयोग काय, हिला ऐकू तर जात नाही! त्या वर्षी त्या घरात फक्त भांडी वाजत होती, आणि तीही एकट्या काकांनाच ऐकू येत होती.

त्याच सुमारास एका जाडजूड अहवालासाठी काकांनी जास्तीचा मॉनिटर घेतला होता; एकावर मूळ मजकूर, दुसऱ्यावर टायपिंग. काम संपलं आणि मॉनिटर पडून राहिला. काकांच्या टेबलाच्या भिंतीपलीकडेच स्वयंपाकघर होतं. भिंतीत जुन्या नळाचं भोक होतं. एका दुपारी त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, त्यांनी त्या भोकातून केबल ओढली आणि मॉनिटर ओट्यावरच्या फळीवर नेऊन ठेवला. मग आपल्या खुर्चीत येऊन बसले आणि वीतभर अक्षरांत टाइप केलं, "दूध उतू जातंय."

आणि दूध खरंच उतू जात होतं. नाकाला वास आला होता म्हणूनच त्यांनी तसं लिहिलं होतं. काकूंनी गॅस बंद केला, पुन्हा ते वाक्य वाचलं आणि हसत सुटल्या. एवढ्या मोठ्यांदा हसल्या की समोरचा शिंपी मशीन थांबवून बघायला लागला.

तेव्हापासून गाडी रुळावर आली. काकांना काही सांगायचं असलं की ते पडद्यावरचं पान लाल करायचे. ओट्याच्या फरशीवर लाल उजेड पडला की काकू मान वर करून वाचायच्या आणि तिथूनच उत्तर द्यायच्या. आपला आवाज किती मोठा आहे हे काही त्यांना कळत नसे. त्यामुळे अख्ख्या गल्लीला नवराबायकोच्या गप्पांतला निम्मा भाग ऐकू यायचा, आणि तोही फक्त उत्तरांचा. "नाही, मी मुळीच रागावलेले नाही!" मग थोडी शांतता. "तुमच्या बहिणीचं नाव काढू नका म्हणून सांगितलंय!" पुन्हा शांतता. मग एकदम, "इश्श! या वयात काय सुचतंय तुम्हाला!" शिंपी म्हणायचा, "काका, लिहिता तरी काय हो? आम्हाला पण कळू द्या की." काका लाजून खिडकी ओढून घ्यायचे.

तोंडाने आळशी माणूस बोटांनी वाचाळ निघाला. कोणत्या अशिलाने काय घोळ घातलाय, कोणाच्या प्रबंधात काय गंमत आहे, आज पाठ कशी दुखतेय, काय वाट्टेल ते लिहायचे. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर काका बायकोशी पोटभर बोलायला लागले. काकू लेकीला पत्रात लिहायच्या, "तुझे बाबा हल्ली फार बडबड करतात." तक्रार नव्हती ती.

अशी पाच वर्षं गेली. काकांचा कॉम्प्युटर म्हातारा झाला. चालू करून आंघोळ उरकून आलं तरी महाराज अजून जांभया देत असायचे. टेबलाखालचा सीपीयूचा डबा गिरणीसारखा घरघरायचा. टेबलामागे वायरींचा असा गुंता की झाडू घालायची सोय नव्हती. त्यातच काकांना नेहमी काम देणारे एक मोठे वकील सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, इथे टायपिंग करता की बॉम्ब बनवता?" सगळे हसले, काकाही हसले. पण ते त्यांच्या मनाला फार लागलं.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, मॉनिटर वेगळा असलेलाच घ्या. एक बिघडलं तर तेवढंच बदलता येतं. सगळं एकात असलं की एका दुखण्यासाठी सगळंच दवाखान्यात." काका "बघतो" म्हणाले. लेकीचा सल्ला घेतला, वकिलांचा घेतला, अगदी शिंप्याचाही घेतला. घरात विचारलं नाही.

काका दुकानाकडे निघाले तेव्हा काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मी येऊ का हो बरोबर?"

काका पायांत चपला सरकवत होते. तसेच वाकून त्यांनी टाइप केलं, "तुझं काय काम तिथे?" आणि गेले.

दुकानात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मांडले होते. दुकानदार बोलण्यात पटाईत. "हा वेगळा मॉनिटर, हा वेगळा डबा. मजबूत आहे, पण तुमचं ते जंजाळ काही सुटत नाही. आणि हा बघा, ऑल-इन-वन! याच्या पोटातच सगळं. कॅमेरा आत, स्पीकर आत. भिंतीत एक वायर खोचली की संपलं." काकांनी त्या चपट्या, चकचकीत पडद्यावरून हात फिरवला. त्यांना आपलं टेबल दिसलं, लख्ख मोकळं. समोर वकील बसलेले दिसले, तोंड बंद झालेले. त्यांनी कीबोर्ड दाबून पाहिला, फॉन्ट नीट दिसतात का पाहिलं, वॉरंटी विचारली. भिंतीपलीकडची फळी काही त्यांना आठवली नाही. माणसाला नेमकं तेवढंच कसं आठवत नाही, कर्म!

जुनं सामान बदल्यात द्यायचं ठरलं. दुपारीच दुकानदार घरी आला, नवा मांडला आणि चालू असलेला जुना आवरायला घेतला. काकू पाणी घेऊन आल्या तेव्हा तो फळीवरचा मॉनिटर उतरवत होता. सकाळचं वाक्य अजून त्याच्यावर तसंच होतं. काकूंनी त्याच्याखाली उभं राहून स्वयंपाक केला होता.

"हाही नेणार?" काकूंनी विचारलं.

काकांनी मानेनेच होकार दिला. त्यांना वाटलं, नव्याला जोडायला एक नवा मॉनिटर आणू, त्यात काय मोठंसं. दुकानदाराला तसं विचारलंही. तो म्हणाला, "याला मागे दुसऱ्या मॉनिटरची सोय नाही काका. जोडायचा अ‍ॅडॉप्टर मिळतो बाहेरून. मागवून देतो."

"मागवा," काका म्हणाले. दुकानदार विसरला. काकांनी एकदा आठवण केली, मग पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, मग तेही विसरले. टेबल मात्र देखणं दिसत होतं. वकील म्हणाले, "वा!"

तोवर वही होती. काका उठून आत जायचे, वहीत लिहून दाखवायचे. पहिल्या आठवड्यात वाक्यं लिहिली. पण टायपिस्टाचं हस्ताक्षर ते, काकूंना लागेना. मग शब्द आले, "चहा", "बाहेर जातो". मग शब्दही गेले आणि खुणा उरल्या. सारखं कोण उठणार? काम खोळंबतं.

काकू मात्र अजून आतून बोलायच्या. उत्तर येत नाही म्हटल्यावर आणखी मोठ्यांदा बोलायच्या. एकदा चार माणसं बसलेली असताना त्यांनी आतून काहीतरी घरगुती विचारलं आणि माणसं एकमेकांकडे बघून हसली. काका तरातरा आत गेले आणि वहीत लिहिलं, "हळू बोल. लोक आहेत." खाली दोन रेघा ओढल्या. तेवढं हस्ताक्षर मात्र अगदी स्वच्छ आलं होतं.

पुढे दीड वर्ष गेलं. एकदा काका शिंप्याकडे पँट सैल करायला घेऊन गेले. शिंप्याने टेप गळ्यात टाकत सहज विचारलं, "काकू गावाला गेल्यात का हो? बरेच दिवस झाले."

"नाही, घरातच आहे की."

"असं होय? आवाज नाही आला, म्हणून म्हटलं."

काका पँट तिथेच ठेवून घरी आले. दारात उभे राहून त्यांनी कान दिला. आत काकू होत्या. पाण्याचा आवाज येत होता, सुरीचा आवाज येत होता. आपण हिचं हसणं शेवटचं कधी ऐकलं, ते काकांना आठवेना. एक दिवस आठवेना, एक प्रसंग आठवेना.

त्याच संध्याकाळी ते दुकानात गेले. ऑल-इन-वन बदल्यात दिला आणि वेगळ्या मॉनिटरची जोडी आणली, वर एक जास्तीचा मॉनिटर आणला. दुकानदार म्हणाला, "काका, पुन्हा जंजाळ?" काका म्हणाले, "पाहिजे तेवढं दे." फळीवर आता डाळींच्या बरण्या होत्या. काकांनी एकेक करून त्या खाली उतरवल्या, भोकातला बोळा काढला, केबल ओढली. काकू कपड्यांच्या घड्या करत बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू ओट्याशी उभ्या राहिल्या. काका खुर्चीत बसले, पान लाल केलं आणि वीतभर अक्षरांत लिहिलं, "चुकलं माझं." आणि भिंतीकडे कान देऊन थांबले.

पलीकडून नुसता सुरीचा आवाज येत राहिला.

ते उठून आत गेले. फरशी लाल झाली होती, काकूंचे हात लाल दिसत होते, आणि काकू खाली मान घालून भाजी चिरत होत्या. काकांनी खांद्याला हात लावला, फळीकडे बोट दाखवलं. काकूंनी मान वर केली. त्यांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"सवय गेली हो," त्या म्हणाल्या. इतकं हळू म्हणाल्या की काकांना ओठांकडे बघावं लागलं. "तुम्ही आधीचा देऊन टाकलात ना, त्यानंतर दोन महिने मी मान वर करून बघत होते. फरशीवर जरा ऊन हललं तरी वाटायचं, लिहिलं असेल काहीतरी. शेवटी मान दुखायला लागली. मग बरण्या ठेवल्या."

त्यांनी काकांचा हात थोपटला, सुरी उचलली आणि पुन्हा चिरायला लागल्या.

काकांनी हार मानली नाही. ते अजून रोज लिहितात. आधी लिहितात, मग उठून आत जातात, खांद्याला हात लावतात, मग काकू वाचतात. काकू वाचत असताना काका परत येऊन खुर्चीत बसतात, पहिल्यासारखं भिंतीपलीकडून उत्तर ऐकायला. परवा त्यांनी लिहिलं, "तुला काय वाटतं ते मोठ्यांदा सांग. लोक आहेत तर असू देत." आणि येऊन बसले. भिंतीपलीकडे काकू काहीतरी बोलल्या. एक वाक्य होतं, बहुतेक दोन. काकांनी भिंतीला कान लावला, तरी त्यांना शब्द लागले नाहीत. ते धावत आत गेले. "काय म्हणालीस?" असं त्यांनी आधी तोंडाने विचारलं, मग खुणेने.

काकूंनी मान हलवली. "काही नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बसा तुम्ही. काम खोळंबेल."