धाकट्याचा वंश

आमच्या निलंग्याकडं हेळवी येतात. सुगी संपली की कधीतरी एखाद्या वर्षी हेळवी अंगणात घोंगडी टाकून बसतो आणि घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतो. तो एकेक नाव घेतो आणि घरचा कर्ता माणूस "हाव" म्हणतो. तेवढ्यानं नाव पक्कं होतं.

लातूरच्या कॉलेजात सरांनी घराण्यातल्या एका माणसावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी पणजोबांना निवडलं. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. आपल्याकडंही लिहिण्यासारखं काही असेल, असं वाटलं. पणजोबा निजामाच्या फौजेत शिपाई होते, नंतर शेतकरी. फौजेचे बूट घालूनच ते नांगर धरायचे आणि बैलांना उर्दूत हुकूम सोडायचे. आजोबा हे हसत हसत सांगत.

पणजोबांचा धाकटा भाऊ तरणाच वारला होता. "त्याचं कुणी न्हाई. निर्वंश," म्हणून आजोबा पुढं बोलले नाहीत. शेजारची म्हातारी मात्र बोलून गेली, "न्हाई कसं? लेक हाय की त्याची, हदगावला."

मी नांदेडवरून हदगावला गेले. आजोबांची ही चुलत बहीण तुरी पाखडत बसली होती, भोवती नातवंडांचा गलका. मी कोण ते सांगितलं. ती सूप हलवत राहिली.

"तुझा आजा बोबडं बोलायचा. आक्का म्हणायचा मला."

तिचा बाप वारल्यावर पणजोबांनी तिला आणि तिच्या आईला आजोळी धाडायचं ठरवलं. वाट्याचं रान सोडून आई जाईना, चुलीपुढून उठेना.

"भाकर तव्यावर हुती. त्यानं बुटानं चूल मोडली. अन् बैलाला करायचा तसा हुकूम केला, उठो, चलो. आई उठली बघ."

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "रान नको मला. हेळव्यानं एकडाव बापाच्या नावाम्होरं माझं नाव घ्यावं. मी जित्ती असून त्याला निर्वंश म्हणत्यात."

हेळवी आला तसा मी तिला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पिढ्या म्हणायच्या होत्या. ती एकटीच एसटीनं आली, हेळव्यासाठी नवं धोतर घेऊन. आजोबांना काही सांगायचं धाडस मला झालं नव्हतं. ती बायकांच्या मागं बसली.

पणजोबांचं नाव आलं. आजोबा म्हणाले, "हाव."

मग धाकट्याचं नाव. "निर्वंश," हेळवी म्हणाला.

ती उठली. "महाराज, मी त्याची लेक हाय. माझं नाव घ्या."

आजोबांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला.

"आजोबा, आक्का हाय ती," मी म्हणाले.

"तू गप. ह्यासाठी कॉलेजात घातलं व्हय तुला?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज नाव मागायली, उद्या सातबारा मागल. म्हणा महाराज."

हेळवी तिला म्हणाला, "बाई, लेकीनं वंश चालत न्हाई. धाकटा, निर्वंश."

आजोबांनी तिच्यावरची नजर काढली नाही. "हाव," ते म्हणाले. आणि आईला सांगितलं, "पाव्हण्या बाईला चहा द्या."

चुलते हसले. तिनं चहा घेतला नाही. धोतर घोंगडीवर ठेवलं, "बापाच्या नावानं," म्हणाली. हेळव्यानं ते मांडीखाली सारलं आणि पुढचं नाव घेतलं.

मी तिला फाट्यावर सोडायला गेले. जीप येईपर्यंत ती रस्त्याकडंच बघत होती. चढताना तिनं माझा हात धरला, मला वाटलं आधारासाठी.

"आता हदगावला येऊ नकोस, माय," ती म्हणाली. "तू आलीस की आशा लागती."