बाद केलेली गाडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. आता तरी का सांगते आहे? ठाऊक नाही. पण सुरुवात आनंदापासूनच करावी लागेल, कारण तेव्हा मी आनंदाने अक्षरशः वेडी झाले होते.

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी आणि वंदना एमटेक करत होतो. धावत्या कारच्या धुरातून किती विषारी वायू बाहेर पडतो, हे वेग, चढ आणि गाडीचं वय यांवरून सांगणारं मॉडेल मी बनवलं होतं. ते कितपत खरं, हे तपासणं वंदनाचं काम. बार्शीटाकळीची ही मुलगी सायलेन्सरला नळी लावायची आणि मोजणीचं यंत्र मागच्या सीटवर धरून थेट अकोल्यापर्यंत जायची.

पहिल्या गाडीचे आकडे आले — जुळले! दुसरीचे — तेही! आम्ही पार्किंगमध्येच एकमेकींना मिठी मारून ओरडलो. तसं सुख पुन्हा कधी मिळालं का? नाही.

मग आली एक जुनी डिझेल गाडी. मोजलेला आकडा मॉडेलच्या दुपटीहून जास्त.

“मशीन बरोबर हाय,” वंदना म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. “तुयं गणितच कमी सांगून राहिलं. जुन्या गाड्यायचं काहीतरी सुटलं आपल्याकडून. पाहू ना!”

तिला त्यात नवं काही सापडल्याचा आनंद. मला दिसत होतं — चार दिवसांवर आलेलं सादरीकरण.

मी आमच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, नळी सैल होती.

सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं.

“नाही सर, म्या सोता आवळली. हे होती ना संग, विचारा हिले.”

सगळे माझ्याकडे वळले. नळी घट्ट होती — मी स्वतः ओढून पाहिली होती. आणि मी काय केलं? मान खाली घातली. बस्स, एवढंच.

ती गाडी बाद झाली. वंदनालाही कामातून काढलं. सादरीकरणात टाळ्या पडल्या, आणि मी खूश होते — खोटं कशाला बोलू? — अगदी मनापासून खूश होते.

वंदनाने एमटेक सोडलं. माझ्याशी ती पुन्हा कधी बोलली नाही. मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. गेल्या वर्षी तशाच जुन्या गाड्या मी एकटीने, दुसऱ्या यंत्राने मोजल्या. आकडे तिचेच आले. कागद फाडून टाकला.

मॉडेल अजून मीच शिकवते. दरवर्षी कुणीतरी विचारतं, जुन्या डिझेल गाड्यांनाही हे लागू पडतं का?

मी हो म्हणते.