कमिशनरबाईंचा पाहुणचार

भाजी विकायला बसल्यापासून मी दिवसा पाणी पीत नव्हते. परळच्या आमच्या गल्लीत पालिकेचा बायकांसाठी संडास होता, पण दाराला कुलूप. चावी कुणाकडे, विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. शेवटी आम्ही भाजीवाल्या कोर्टात गेलो. अर्जावर पहिलं नाव माझं, कारण त्या दिवशी आधार कार्ड माझ्याच पिशवीत होतं. सातवीत शाळा सुटलेली, गाव पार हिंगोलीकडं. या शहरात माझं कुणी नव्हतं, याच बायकांनी सरकून मला बसायला जागा दिली होती. सही करताना एकच भीती, ती जागाच गेली तर?

पालिकेनं कोर्टात सांगितलं, इथं संडासाची कुणाला गरजच नाही. मग कोर्टानं पाहणीसाठी एक कमिशनरबाई नेमली. आमचा वकील शेजारच्याच चाळीतला, फी न घेणारा. बजावून गेला, "जसं आहे तसंच दाखवायचं हां."

सकाळी बघते तर शेजारची मालवणी मावशी झाडू घेऊन उभी. "कोर्टाचो माणूस येतलो नि दारात ही घाण? शोभता काय गो?"

झालं! सगळ्याजणी लागलो. कचरा उचलला, पायरी धुतली, रांगोळी काढली. एकीनं तर कुलुपाला झेंडूची माळ घातली.

वकील "जय भीम" करत आला नि डोक्याला हात लावून उभा. "अगं मावशे, घाणच तर दाखवायची होती! आता त्या लिहितील, सगळं छान आहे."

"मग आता काय कचरो परत टाकू?"

मी तर कचऱ्याच्या टोपलीला हात घातलाही. केस माझ्या नावावर ना!

कमिशनरबाई आल्या. तरुण, चष्मेवाल्या. त्या एकेकीला विचारून लिहून घेत होत्या, आणि आमचा पाहुणचार सुरू. चहा झाला, शहाळं झालं, कलिंगड झालं, परत चहा. ऊन होतं, त्याही नको म्हणेनात. मग मध्येच त्यांचं पेन थांबलं. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, मला जरा जायचंय. कुठे?"

मी त्या माळेच्या कुलुपाकडे बोट केलं. दुसरं काय दाखवणार?

"मग तुम्ही कुठे जाता?"

"रात्री घरी गेल्यावर."

मावशीनं त्यांचा हात धरला नि ओळखीच्या चाळीकडे जवळजवळ पळवतच नेलं. परत आल्या त्या दोघी हसत. पण अहवाल लिहायला बसल्या तेव्हा बाई हसत नव्हत्या.

कुलूप काढायचा हुकूम झाला. वकील पेढे घेऊन आला. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, "नक्की ना रे? परत नाही ना लावणार?"

"ताई, लावू देत की. मग कोर्ट आहे आणि पालिका आहे!"

दार उघडल्यावर पहिली कोण, यावरून गल्लीत नुसता गलका. वकील लाजून रस्त्यापलीकडे पळाला. शेवटी सगळ्यांनी मलाच आत ढकललं. खरं तर मला लागलीही नव्हती. तरी कडी लावून मी नुसतीच उभी राहिले, आणि बाहेर मावशी दार बडवत होती, "काय गो, आत बिऱ्हाड केलंस?"