बाईंनी खोडलेला परिच्छेद
परवा इथे आखातात, मरीनातल्या एका टॉवरच्या लिफ्टमध्ये ऊदाचा वास आला आणि तसाच वास भरलेल्या अजमानमधल्या एका घरातली दुपार आठवली. नव्वदच्या दशकात मी एका इंग्रज बाईंचं लिखाण टाइप करायचो. बाई लॉर्डाच्या घराण्यातल्या, नावाजलेल्या कादंबरीकार. तेव्हा एका अरब आजींची कहाणी इंग्रजीत आणत होत्या. मी आमच्या घरातला पहिला बी.ए., चांगलं इंग्रजी मला कळायचं. नवरा समुद्रात बुडाल्यावर आजी रडतात, तो परिच्छेद टाइप करताना मीही डोळे पुसले होते. छापायला पाठवण्याआधी बाई आजींसमोर जमिनीवर बसल्या आणि लिहिलेलं सगळं पुन्हा अरबीत सांगू लागल्या. त्या परिच्छेदापाशी आजींनी हात वर केला. मलाही कळावं म्हणून हिंदीत म्हणाल्या, "हम रोया नहीं. बच्चा लोग भूखा था, हम रोटी बनाया." बाईंनी लगेच सगळा परिच्छेद खोडला. मला राहवेना. "मॅडम, पुस्तकातलं सगळ्यात सुंदर तेच आहे." "म्हणून तर मला ते लिहायचा मोह झाला," बाई म्हणाल्या, "पण आयुष्य त्यांचं आहे. यल्ला, चला, पान पुन्हा टाइप करा." एवढी मोठी लेखिका, पण हात जरासुद्धा अडखळला नाही. तो परिच्छेद मला अजून पाठ आहे. छापील पुस्तकात मात्र आजी फक्त रोट्या भाजतात.