धाकूने वाचलेला कौल

पेडण्याच्या सड्यावर आज जी आखीव नगरी उभी आहे, तिच्या कोनशिलेवर धाकू गावकराचे नाव नाही. तिथे पहिला नारळ त्याने ठेवला होता.

धाकू आमच्या नाटकांना पेट्रोमॅक्स धरायचा. मी चाळीस वर्षे राजे रंगवले, त्यांचे तेज निम्मे त्याच्या बत्तीचे. गावच्या राखणदार देवाला कौल लावायचा मान त्याच्या घराण्याचा. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

नगरीचा मुख्य चौक नेमका धाकूच्या घरावर आला होता. आखणी करणारा इंजिनिअर निलेश शेजारच्या तुये गावचाच. तो म्हणाला, "काका, देवाने नको म्हटले तर चौक बाजूला घेतो. नकाशा अजून कागदावरच आहे."

सकाळी सगळे राखणदारापाशी जमलो. रिवाजाप्रमाणे आम्ही पाच हात मागे. धाकूने गाऱ्हाणे घातले, पाकळ्या लावल्या आणि वाट पाहत बसला. पाकळी पडली ती फक्त त्याला दिसली.

"उजवी," तो म्हणाला.

निलेश कासावीस झाला. "काका, आणखी एकदा लावून बघा."

"एकदा विचारल्यार परत विचारूचा नसता, बाबा."

धाकूच्या घरी शेवंतीवहिनींनी चहा पुढे ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाल्या, "जल्मभर ह्या सोंगाड्यांच्या संगतीत ऱ्हवलात, तुमका एक थाप मारूक येवक नाय?"

"हे थापो मारीत ते लोकांकडे गो," धाकू म्हणाला. "माजो गिऱ्हाईक येगळो."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी उठून चुलीतले लाकूड मागे ओढले.

घराची कौले धाकूने स्वतः उतरवली. निलेश रजा टाकून मदतीला आला होता. पुढे रस्ते झाले, दिवे लागले, माणसे राहायला आली. धाकूला तिसऱ्या गल्लीत घर मिळाले.

गेल्या महिन्यात त्याला भेटायला निघालो. नवी नगरी मला सगळी सारखीच दिसते, म्हणून फोनवर विचारले, कुठे उतरू?

"मुख्य चौकार उतर," धाकू म्हणाला. "मी चुलीकडे उभो आसंय."

बस थांबली. चौकाच्या मधोमध, गोल कठड्याच्या आत, तो उभा होता.